पडदा, पुढचा का मागचा

आत्या माणसाचं तोंड बघून सांगायची, हे लेकरू कोणाचं. नाव विचारायची तिला गरजच पडत नसे. सेनगावच्या बाजारात एखादं अनोळखी पोरगं समोर आलं की त्याची हनुवटी धरायची आणि म्हणायची, "गिरजाचा नातू न्हवं का तू? कपाळ बराबर तिचंच हाय." पोरगं लाजून मान डोलवायचं. अख्खं गाव तिला वळखआत्या म्हणे. माझ्या वडिलांची ती थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मेंढरं राखून तिनं दत्ताला वाढवलं.

संध्याकाळी मेंढरं परतली की कोकरं दूध प्यायला सोडायची. सगळी एकजात काळी. मी एकदा म्हटलं, आत्या, मला तर सगळी सारखीच दिसतात गं. ती चिडलीच. "सारखी दिसायला ती काय बटनं हायेत?" आणि एकेक कोकरू उचलून नेमकं त्याच्या आईखाली नेऊन लावलं.

पुढे तिला धुरकट दिसायला लागलं. तेवढ्यात तालुक्याला शिबिर लागलं, रिक्षा ओरडत फिरली, डोळ्यावरचा पडदा काढून मिळेल. आमच्याकडे मोतीबिंदूला पडदाच म्हणतात. पडदा आला, पडदा पिकला, पडदा काढला. तपासणाऱ्या डॉक्टरनं घाईघाईत सांगितलं, मोतीबिंदू काढू, पण पडदाही खराब आहे, त्याचं नंतर दाखवून घ्या. दत्ता म्हणाला, व्हय साहेब, त्याच्यासाठीच तर आणलंय. आता बोला! डॉक्टर खोटं बोलला नाही, दत्ताही नाही. पुढचा माणूस रांगेत उभाच होता, मग खुर्चीवर तो बसला.

ऑपरेशनला मी नावं ठेवणार नाही. पट्टी निघाली तेव्हा मी समोर होते. आत्यानं मला डोळे भरून बघितलं आणि म्हणाली, "काहून गं, म्हातारी झालीस की!" मी हसून हसून रडले. दोनेक वर्षं तिची मजेत गेली. पडदा गेला म्हणून घरात सगळे निर्धास्त होते, नंतर दाखवायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मग एक दिवस तिला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. सुतारानं फसवलं म्हणून ती हटून बसली. दत्तानं खरोखर सुतार बोलावला, त्यानं ओळंबा लावून चौकट सरळ असल्याचं दाखवलं आणि चहा पिऊन गेला. पुढे पुढे ती बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघायला लागली. सुनेला वाटलं, सासू तोंड फिरवते. भिंत न धरता चालते, पायाजवळचं कोंबडीचं पिल्लू तिला दिसतं, आणि माणूस तेवढा दिसत नाही म्हणे! नाटकं करते, असं शेजारणीही बोलायला लागल्या. दत्ताचं एकच पालुपद, पडदा तर काढला, आता कसली तकलीफ? यात वर्ष गेलं. मी राहते वसमतला, माझ्या कानावर हे आलं तेव्हा मी तडक गेले, दत्ताशी कडाकडा भांडले आणि दोघांना घेऊन नांदेड गाठलं.

तिथल्या डॉक्टरनं नीट समजावलं. मोतीबिंदू येतो डोळ्याच्या पुढच्या भिंगात, ते काढून नवं बसवलं, ते अजून छान आहे. पडदा असतो मागे, त्याच्यावर चित्र उमटतं. त्या पडद्यावर मधोमध रक्त साकळून डाग पडलाय. सूज होती तेव्हाच इंजेक्शनं मिळाली असती तर बरंच वाचलं असतं. आता कडेकडेचं दिसत राहील, मधलं परत यायचं नाही. माणसाचं तोंड मधेच असतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, माझा पडदा तर काढला व्हता. मंग ह्यो कोन्ता?"

दत्ता खाली बघत बसला. मला मात्र आजही या शब्दाचा संताप येतो. दोन जागांना एकच नाव ठेवलं ते ठेवलं. पण पुढचा का मागचा, एवढं सांगायला असा कितीसा वेळ लागतो?

गेल्या हिवाळ्यात तालुक्याला पुन्हा शिबिर लागलं. आत्यानं हट्टच धरला, मला न्या. दत्तानं नेलं, मीही गेले. ती दाराशी फतकल मारून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "साहेब पडदा म्हनले की इचारा, पुढचा का मागचा." काही जण हसले. एका बाईनं मान डोलवली, तिला कळलं की नाही देव जाणे. एवढ्यात आतली नर्स बॅटरी घेऊन आली. तिनं आत्याच्या डोळ्यात उजेड टाकला, आधी एका, मग दुसऱ्या.

"आजी, तुमचं ऑपरेशन झालंय. एकदम छान झालंय. उठा आता, बाकीच्यांना येऊ द्या."

आणि रांगेकडे वळून तिनं हाक दिली, "चला, पडदावाले पुढे या."