वाघजाईच्या वाटेवर माझे बूट

गेल्या रविवारी माझी अक्षरशः पाचावर धारण बसली होती... तीही लोणावळ्याजवळ वलवणला, स्वतःच्या घरी.

मी नोकरीसाठी तळेगावला राहतो. मित्रांना माहीतच आहे, मला बुटांचं वेड आहे. स्नीकर्स... त्यातही लिमिटेड एडिशन. बायको याला सरळ रोग म्हणते. फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून माझे बरेच खोके वलवणला आई-आबांकडे पोटमाळ्यावर असतात.

त्या सकाळी एका नव्या जोडाचं रिलीज होतं. आमच्याकडे गच्चीवरच रेंज येते, तिथे मोबाइल धरून बसलो होतो. विक्री सुरू झाली, ॲप गोल गोल फिरलं... आणि सोल्ड आउट!

खऱ्या माणसाला हे बूट मिळतात तरी का हो? आपोआप खरेदी करणारे बॉट लावून बसलेले रीसेलर सगळे उचलतात आणि लगेच दामदुप्पट किमतीला विकायला काढतात. कंपनीला हे माहीत नाही असं थोडंच आहे? मुद्दाम मोजके बनवायचे, आम्हाला झुलवत ठेवायचं आणि वर मेसेज पाठवायचा, 'पुढच्या वेळी नक्की!' अरे, लाज वाटू द्या जरा.

तणतणत खाली आलो. म्हटलं, आपल्याकडे आहे तो जोड तरी बघून जीव शांत करू. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या ड्रॉमध्ये एकदाच माझा नंबर लागला होता. तो जोड मी कधी पायात घातला नव्हता... घातला की त्याची किंमत गेली ना!

पोटमाळ्यावर चढलो तर खोका रिकामा.

चोरी झाली म्हणून मी बोंबच मारली. आई भाकरी थापत होती. मानही वर न करता म्हणाली, "तुज्या आबांनी घातल्यात. त्येंचं पावसाळी बूट फाटलं, म्हनून मीच काडून दिलं. नुसतंच तर पडून हुतं. वाघजाईला नारळ घिऊन गेल्यात."

भातलावणी उरकली की आमच्याकडे टेकडीवरच्या वाघजाईला नारळ देतात. आबा दरवर्षी एकटेच जातात. आधी मला बुटांचंच वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... आणि मग एकदम सोल आठवला.

काय होतं, असे बूट वर्षानुवर्षं न वापरता ठेवले की त्यांचा सोल आतून कुजतो. त्यात आमची लोणावळ्याची दमट हवा! बाहेरून चकाचक, पण चालायला लागलं की खारी बिस्किटासारखा भुगा. बूट जमवणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असतं, तरी आम्ही ते खोक्यातच ठेवतो. कंपनीला मी एकदा विचारलंही होतं. म्हणे, बूट वापरात ठेवा, नाहीतर सोलची जबाबदारी आमची नाही. आणि जाहिरातीत काय? 'आयुष्यभर जपून ठेवावा असा जोड!' वा रे वा.

तेवढ्यात आईच पुटपुटली, "लय येळ झाला, अजून आलं कसं न्हाईत?" आबांचा मोबाइल कोनाड्यातच होता.

मी धावत सुटलो. त्या वाटेला एका बाजूला शेवाळलेला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसता उतार... थेट धरणाच्या पाण्यापर्यंत. धुकं इतकं की चार हातांवरचं दिसेना. हाका मारत पुढे सरकत होतो.

अर्ध्या वाटेवर चिखलात एक पांढरा तुकडा दिसला. सोलचा. पुढे आणखी एक... मग नुसता भुगा. एरवी देवळाची पायरी न चढणारा मी, "आई वाघजाई, आई वाघजाई" करत चालत होतो.

वाट जिथे सगळ्यात अरुंद होते, त्या वळणावर बूट होते. रिकामे. एकाचा सोल लोंबत होता, दुसऱ्याला सोलच नव्हता. आबा कुठेच नव्हते.

मी मटकन खाली बसलो. उताराकडे बघायची हिंमतच होईना. खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

मग नीट बघितलं... बूट करवंदीच्या जाळीखाली होते. शेजारी शेजारी, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पालथे घातलेले. पडलेला माणूस असे बूट ठेवत नाही! आणि एकदम आठवलं, या वळणापासून देवीची हद्द सुरू होते. इथून वर अनवाणीच जायचं, ही गावाची रीत. लहानपणी मीही इथेच चपला काढायचो.

माझेही बूट काढले आणि वर पळालो. आबा देवळाच्या पायरीवर बसले होते. नारळ कधीच फोडून झाला होता, प्रसादाचं खोबरं तसंच हातात. मी ओरडलोच, "आबा, घरी का नाही आलात?"

त्यांनी वर बघितलं नाही. "आरं, म्या काय केलं न्हाई रं... चालता चालताच तुकडं पडाया लागलं. तुजं लय म्हागाचं बूट... तुला काय सांगू, त्येच सुचंना."

अख्खी वाट मी आबांच्या काळजीने अर्धमेला झालो होतो... आणि आबा वर बसले होते मला घाबरून! त्यांना मिठी मारली आणि ढसाढसा रडलो. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

परतताना वळणावर माझे साधे बूट आबांच्या पायात घातले आणि मी अनवाणी आलो. त्या वळणावर बूट काढायची रीत ज्या कुणी घातली, त्याला माझा साष्टांग दंडवत. त्या कुजक्या सोलवर आबा वळणापुढचा निसरडा कातळ चढले असते तर... पुढचा विचारही करवत नाही.

काल लोणावळ्याच्या बाजारातून आबांसाठी साधे पावसाळी बूट आणले. त्यांच्याच मापाचे, त्यांच्याच नावाचे. आबांनी ते हातात घेतले, उलटसुलट बघितले आणि हळूच मला विचारलं...

"घालू का रं?"