तारेवरचा तिसरा उंदीर

फरहत शेखशी येरवड्यात कुणी सहसा वाद घालत नाही. फार्मसी कॉलेजात ती उंदरांवर संशोधन करते, हे ऐकून एक स्थळ परत गेलं तेव्हा ती आईला म्हणाली, "बरं झालं. उंदरांकडे तेवढंच जास्त लक्ष देता येईल." आईने, सिताराबींनी, कपाळावर हात मारून घेतला. फरहत डबा घेऊन कॉलेजला गेली.

तिचा विषय शिशाचा. शिसं पोटात गेलं की पेशी आतून गंजू लागतात, आणि आवळ्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं तो गंज किती थोपवतात, हे ती पांढऱ्या उंदरांवर तपासत होती. विषय तिने उगाच निवडला नव्हता. अब्बा, म्हणजे मैनुद्दीनभाई, जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं आपल्या बॅटरीच्या दुकानामागच्या भट्टीवर वितळवत आयुष्य काढलेले. हल्ली त्यांच्या हातातून चहाचा कप निसटायचा. रक्तात शिसं निघालं, डॉक्टरांनी भट्टी बंद करा म्हणून बजावलं. अब्बांनी डॉक्टर बदलला.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं फरहतच्या स्वभावात नाही, पण प्रयोगाचे निकाल आले त्या संध्याकाळी ती झाली. जेवताना म्हणाली, "अब्बा, आवळ्याने उंदीर तगले माझे!"

दुसऱ्या दिवशी घरात आवळ्याचा रस आला. अब्बांनी पेलाभर घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुप्पट जोमाने भट्टी पेटवली. गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आता धुराची फिकीर नाही. आमच्या लेकीचा शोध आहे!" ते कौतुक फरहतच्या कानावर आलं. तिच्याच शब्दांच्या जोरावर बाप विष हुंगत होता. तिने समजावलं, चिडली, चक्क रडलीसुद्धा. अब्बा म्हणाले, "उंदरांना चालतं, मला का नाही?"

"मग उंदरांनाच विचारा," ती म्हणाली, आणि शेजारी बसून मोबाइल पुढे धरला. ताकद मोजायला उंदरांना आडव्या तारेला लटकवतात, खाली मऊ गादी असते. त्याचं चित्रण होतं.

"हा पहिल्या पिंजऱ्यातला, नुसता शिसंवाला." उंदीर लगेच गादीवर पडला.

"हा शिसं आणि आवळा." हा चांगला लोंबकळत राहिला. अब्बांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! हा मी!" तेवढ्यात त्याचाही पंजा सुटला.

तिसऱ्या पिंजऱ्यातल्याने मात्र मागचे पाय वर घेतले, तारेवर चढून बसला आणि निवांत मिशा साफ करू लागला.

अब्बा पुढे वाकले. "याला काय दिलंस? तेच आण मला."

"काही नाही दिलं, अब्बा. फक्त शिसं दिलं नाही."

अब्बांनी त्या उंदराकडे बघितलं. मग स्वतःच्या थरथरत्या पंजाकडे. "पुन्हा लाव," म्हणाले. तिने लावलं.

सकाळी दुकानामागे धूर नव्हता. गिऱ्हाइकाने विचारलं तर मैनुद्दीनभाई नव्या बॅटरीवरची धूळ पुसत म्हणाले, "भट्टी बंद. लेकीने आम्हाला तिसऱ्या पिंजऱ्यात टाकलंय."