धुऱ्याची पलीकडची बाजू

तुम्ही शेवटचं ‘नाही’ कधी म्हणालात? घरात नव्हे, फोनवर नव्हे. चारचौघांत, बाकी सगळ्यांचे हात वर असताना?

माझ्या बाबांनी ते म्हटलं तेव्हा मी अकरावीत होते. त्या ‘नाही’चा मला आजही अभिमान आहे. पण मी लिहायला बसले आहे ते दुसऱ्याच एका माणसाच्या आठवणीने. आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, धुरा लागून शेत असलेले काका. त्यांना त्या दिवसांत ‘हो’ही म्हणायचं नव्हतं आणि ‘नाही’ही. त्यांना नुसता विचार करायचा होता.

भंडारा जिल्ह्यातल्या करडीपासून सायकलने अर्ध्या तासावर आमचं गाव, सगळं धानाचं. आमच्याकडे शेत सलग नसतं. लहान लहान बांध्या असतात आणि प्रत्येक बांधीभोवती मातीचा धुरा. धुरा पाणी अडवतो, चालायला वाट देतो आणि त्याच्या उतारावर तूर येते. आमच्या आणि काकांच्या शेतामधल्या धुऱ्याचा अलीकडचा उतार आमचा, पलीकडचा त्यांचा. कोणी कधी कागदावर लिहिलं नव्हतं. आईने चुकूनही कधी पलीकडची शेंग तोडली नाही.

काकांचं शेत आमच्याखाली होतं. बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, पाणी आधी आमच्या बांध्यांत यायचं, मग धुऱ्याची मोरी खोलली की त्यांच्याकडे उतरायचं. मोरी कोणत्या दिवशी खोलायची हे ठरवायला बाबा आणि काका धुऱ्यावर बसत. ठरायला पाच मिनिटंही लागत नसत, पण बसणं तासभर चालायचं. काका सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत घोटत बाबांची खोड काढत; आमच्या बोलीत ‘काय’चं ‘का’ होतं.

“का जी पेपरवाले, आज सरकारनं का करू नये ते सांगा.”

“माह्या धुऱ्यावर पाय देऊ नये.”

“अन् माह्या?”

“तुमच्या तं अजिबात नाही. तेथं तुमचाच पाय नीट पडत नाही.”

काकांचे गुडघे गेलेले होते, त्यामुळे ते स्वतःच जास्त हसत. काकू वारल्यापासून ते एकटे होते. मुलगा चिखल्याला मँगनीजच्या खाणीवरून माल नेणारा खासगी ट्रक चालवायचा आणि वर्षातून दोनदा यायचा. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर आठ दिवस उशिरा, हे काकांचं कायमचं दुखणं होतं. बाबांचं म्हणणं ऐकून घेऊन ते शेवटी म्हणत की तुमची स्वतंत्रता बरी आहे, पण ती चिखलात वाकून रोवणा करून देत नाही. मग बाबा उठून मोरी बघायला जात.

बाबांना ‘पेपरवाले’ म्हणायचं कारण आमच्या घरातली पत्र्याची पेटी. तरुणपणी बाबा कास्तकारांच्या सभांना जात आणि तिथून पत्रकं आणत. पातळ, पिवळी पडलेली, शाई फुटलेली. कास्तकाराला त्याचा माल त्याला वाटेल तिथे विकू द्या. सरकारने चोर पकडावा, न्याय करावा, रस्ता नीट ठेवावा. पेरायचं काय ते सांगायला येऊ नये. बाराखडी संपल्यावर मी पहिलं जे काही सलग वाचलं ते त्या पेटीतलं. दहावीपर्यंत मला ती पत्रकं पाठ झाली होती आणि मी ती धुऱ्यावर उभं राहून काकांना ऐकवायचे. काका मला ‘वकीलीन’ म्हणत. वकीलीन बोलते बरोबर, असं ते बाबांना सांगत, फक्त दम घ्यायचं विसरते.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा ती योजना आली. बोडीखालचा सगळा चक, म्हणजे लागून असलेल्या शेतांचा पट्टा, एकत्र करायचा, मधले धुरे मोडायचे, एकच गट, एकच वाण, रोवण्याचं यंत्र गटाला मिळणार. सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. ठराव वाचून झाला आणि हात वर गेले. बाबांचा हात गुडघ्यावरच राहिला. पुढून कोणीतरी म्हटलं की एका माणसाच्या हट्टापायी गावाचं अडणार. बाबा उठून उभे राहिले.

“गोंदियाले वेगळं व्हायचं होतं, तो झाला. तेले कोणी गद्दार म्हटलं नाही. माह्या चार बांध्या वेगळ्या राहाल्या तं गावाचं का बिघडते?”

लोक हसले. हात मात्र वरच राहिले.

आमचं शेत बोडीला लागून, चकाच्या काठावर. ते सोडून योजना होऊ शकत होती. काकांचं शेत मात्र बरोबर मधोमध. ते नसेल तर यंत्र पलीकडे जाऊ शकत नव्हतं आणि सगळंच बारगळत होतं. त्या सभेत काकांनीही हात वर केला नव्हता, पण ‘नाही’ही म्हटलं नव्हतं. मले थोडे दिवस द्या, एवढंच ते म्हणाले होते.

ते थोडे दिवस त्यांना कोणीच दिले नाहीत. गटाची माणसं सकाळी त्यांच्या अंगणात बसायला लागली. गावाच्या भल्यासाठी एवढंही करत नाही का, असं विचारायची. गावाचं भलं हा शब्द मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकला की त्यात कोणत्या माणसाचं भलं आहे हे विचारायचं सगळे विसरले असावेत असं मला वाटलं. आजही वाटतं. गाव नावाचा कोणी माणूस गुडघे धरून रोवणा करत नाही. गुडघे काकांचे होते, सात-बारा काकांचा होता, आणि ठरवणारे दुसरेच होते.

पण मीही ठरवणाऱ्यांतलीच निघाले.

काका डळमळताहेत असं मला दिसलं आणि मी पेटले. मी एक पत्रक लिहिलं. पेटीतली सगळी पत्रकं माझ्या हातात उतरली होती. करडीच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढून आणल्या आणि राशन दुकानाच्या भिंतीवर, शाळेच्या फाटकावर, पानठेल्यावर लावल्या. त्यातली दोन वाक्यं मला विसरता येत नाहीत. ‘ज्याला स्वतःचा धुरा राखता येत नाही, तो उद्या घर काय राखणार? भिऊन वर होणारा हात आणि जूखाली जाणारी बैलाची मान, यांत फरक कोणता?’

नाव कोणाचंही नव्हतं. गावात नावाची गरज नसते. दुसऱ्या दिवशी काका पानठेल्यावर गेले तर तिथल्या पोरांनी त्यांना विचारलं, का जी, जू कोणत्या खांद्यावर घेता? काकांनी खर्रा न घेताच पाठ फिरवली आणि तसेच आमच्या धुऱ्यावर आले. मी एकटीच होते. ते बसले नाहीत.

“वकीलीन, मी विचारच करून राहिलो होतो. एकडाव मले विचारून पायलं असतं.”

त्याच दुपारी त्यांनी गटाच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी बाबांनी ते पत्रक भिंतीवरून काढून आणलं. वाचलं, चार घड्या घातल्या. मला वाटत होतं ते पेटीत ठेवतील. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

“सरकारवर लिहावं, गटावर लिहावं. शेजाऱ्यावर नाही लिहू. तेनं हो म्हणावं का नाही, हे आपणच ठरवलं तं आपल्यात अन् त्याईच्यात फरक का राहाला?”

मी वाद घातला. काका घाबरले होते, ते खरं मत नव्हतंच, वगैरे. बाबा म्हणाले, काकांकडे जा आणि बोल. मी गेले नाही. सतरा वर्षांच्या मुलीकडे तत्त्वं भरपूर असतात. त्यांचं घर आमच्यापासून सहा घरं सोडून होतं.

उन्हाळ्यात जेसीबी आला आणि दोन दिवसांत चकातले धुरे सपाट झाले. काकांच्या बांध्यांना नावं होती: आंब्याची, खोलगी, काकूची. तिसरीचं तोंड काकूंच्या माहेरच्या गावाकडे होतं म्हणून ते नाव. तिन्ही एकाच मातीत गेल्या. उरला तो फक्त आमच्या हद्दीवरचा धुरा, कारण त्याची अलीकडची बाजू बाबांची होती.

खोटं सांगणार नाही, पहिल्या वर्षी यंत्र आलं आणि काकांना वाकावं लागलं नाही. ते उरलेल्या धुऱ्यावरून यंत्राकडे बघत होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. बाबा गटाबाहेर राहिले म्हणून त्या वर्षी आमच्या रोवण्याला मात्र गावातल्या बाया आल्या नाहीत. आई, बाबा आणि मी, तिघांनी बारा दिवस वाकून तो पुरा केला. गटाच्या जमिनीची अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक बांधीची पातळी वेगळी होती आणि ती त्या त्या कास्तकाराच्या पायांना ठाऊक होती, नकाशाला नव्हती. धुरे गेल्यावर पाणी सगळं खालच्या टोकाला साचलं आणि वरची जमीन तडकली. आंब्याची आणि खोलगी वरच होत्या. काकांनी आडवा धुरा घालू द्या म्हटलं, तर बैठकीत ठरू द्या असं उत्तर आलं. आपल्या बाजूच्या उतारावर तूर लावू का विचारलं, तर तेच. तूर लावायला बैठक! दुसऱ्या वर्षी यंत्र दुसऱ्या तालुक्यात गेलं आणि परत आलं नाही.

काकांनी बाहेर पडायचं म्हटलं तेव्हा कळलं की आत यायला एक सही पुरते, पण बाहेर पडण्याबद्दल त्या कागदात एक ओळही नाही. नवा ठराव हवा, मग मोजणी हवी. मोजणीला जुन्या खुणा हव्यात. खुणा म्हणजे तेच धुरे.

ते वाट बघून थकले आणि मुलाकडे चिखल्याला गेले. मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होते. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं की घराला कुलूप आहे.

तेव्हापासून बाबा मोरी खोलायच्या दिवसांत धुऱ्यावर एकटे बसतात. तूर फक्त अलीकडच्या उतारावर लावतात. पलीकडे गवत वाढतं. मी एकदा म्हटलं की तिथेही लावू या, गटाचं तर कोणी फिरकत नाही. ते म्हणाले, ती आपली बाजू नाही.

मागच्या हिवाळ्यात मी चिखल्याला गेले. खाणीच्या वस्तीच्या मागे मुलाची दोन खोल्यांची जागा आहे, दारातल्या तुळशीवर काळी धूळ. काका खुर्चीवर बसले होते. मुलगा आणि सून त्यांना जपतात, कशाची कमी नाही. त्यांनी मला लगेच ओळखलं. पहिला प्रश्न पाण्याचा होता, यंदा मोरी कोणत्या दिवशी खोलली? मी सांगितलं की आता खोलायला कोणाशी ठरवावं लागत नाही, बाबा त्यांच्या मनाने खोलतात. काकांनी बाहेरच्या ट्रकांकडे मान वळवली. मग म्हणाले की पेपरवाल्याले हेच पायजे होतं ना, कोणाले विचारायचं काम नाही. आणि हसले. मला हसता आलं नाही. बाबांना हे कधीच नको होतं. त्यांना विचारायला माणूस हवा होता, फक्त त्या माणसाला ‘नाही’ म्हणायची मुभा असायला हवी होती. ती मुभा होती म्हणून तर धुऱ्यावरचा तो तास होता.

मी म्हटलं, काका, तेव्हा मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. हे बोलायला मला सहा घरं ओलांडायची होती, त्याऐवजी अख्खा तालुका ओलांडून आले होते.

“विचारलं असतं तं मी का म्हटलं असतं, मलेच मालूम नाही बापा. मले जरासा वेळ पायजे होता. तो ना त्याईनं देल्ला, ना तू.”

निघताना त्यांनी मुठीएवढी एक पुरचुंडी दिली. आमच्या धुऱ्यावरची तूर, पलीकडच्या उतारावरची, शेवटच्या वर्षीचं बियाणं. मी ती बाबांना दिली. बाबांनी ती पेटीत ठेवली, पत्रकांवर. लावली नाही. काकांचा मोजणीचा अर्ज अजून तसाच पडून आहे, आणि चकातली जुनी हद्द नक्की सांगू शकणारा गावात आता एकच माणूस उरला आहे, तो म्हणजे बाबा. म्हणून मी त्यांच्यासोबत शेतात फिरून आंब्याची, खोलगी आणि काकूची कुठून कुठपर्यंत होत्या ते वहीत उतरवून घेते आहे. हे माझं दुसरं पत्रक. ते कोणत्याही भिंतीवर लागणार नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावात, सोसायटीत, संघटनेत लवकरच एखादा ठराव वाचला जाईल आणि तो सगळ्यांच्या भल्याचा असेल. हात वर करण्याआधी उभे राहा आणि विचारा, ज्याला यातून बाहेर पडायचं असेल त्याने कसं पडायचं? उत्तर कागदावर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको. आणि तुमच्या शेजारी कोणी हात मांडीवर ठेवून बसला असेल, तर सभा संपल्यावर त्याच्या घरापर्यंत चालत जा. त्याला काही समजावू नका. फक्त विचारा, तुम्हाला किती दिवस पाहिजेत?