कोटाच्या अस्तरातला पट्टा

तर शिंपीमामांची गोष्ट काल त्यांच्या कात्रीपाशी अडली होती. त्या कात्रीनं कुणी कागद कापला, की मामा दोन दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. एवढा कडक माणूस, पण मामींपुढे लोणी.

मामींची नजर मंदावली तेव्हा लेकीनं कमरेचा एक पट्टा आणला. त्यात पत्ता भरायचा आणि चालू लागायचं. डावीकडे वळायचं असेल तर डावी बाजू थरथरायची, उजवीकडे असेल तर उजवी. धाकट्या बहिणीच्या नव्या घरी एकटीनं जायची मामींना भारी हौस. पण पट्टा बघून त्या अडून बसल्या.

"हे बांधून रस्त्यानं निघू? लोक म्हणतील, म्हातारीला बैलासारखी हाकताहेत."

"दिसणारच नाही असा करून देतो," मामा म्हणाले. "शिंप्याची बायको तू, लाजतेस कसली?"

त्यांनी मामींचा कोट उलटा करून टेबलावर पसरला आणि पट्टा अस्तराच्या आत शिवून टाकला. टाका कुठे शोधून सापडायचा नाही. मामी पायांत चपला घालून दारातच उभ्या होत्या, "आटपा की, तिथं चहा गार होईल" म्हणत. समोर ठेवलेल्या कपड्याची डावी बाजू शिंप्याच्या उजव्या हाताला येते. चाळीस वर्षांची ती हाताची सवय. हातानं तसंच शिवलं. पण कोट उलटा होता. सुलटा केल्यावर डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. मामींना उशीर नको म्हणून मामांनी एकदा अंगात घालूनही पाहिला नाही.

कोपऱ्यावर मामी घुटमळल्या तेव्हा भाजीवालीनं हटकलं, "काकू, तिकडे कुठे? तिकडे कालवा आहे."

"असू दे गं. यांनी शिवलंय, चुकायचं नाही," म्हणत मामी वळल्या.

संध्याकाळी कालव्यातून त्यांना वर काढलं, तेव्हा अंगावर कोट तसाच होता. बटणंसुद्धा लावलेली.

वर्षभरानं तो पट्टा बनवणाऱ्या कंपनीची एक मुलगी वही घेऊन दारोदार फिरत आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामांनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. तिनं विचारलं, "आजोबा, लोक असा पट्टा घालतील का हो?"

मामांनी कात्री पुसून खाली ठेवली. मग म्हणाले, "घालतील पोरी. फक्त वरून घाला म्हणावं, चारचौघांना दिसेल असा. मी लपवून दिला होता."