आबांचे दोन आराखडे

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. रुग्णाला रेडिएशन कुठून आणि किती द्यायचं, याचं गणित आधी संगणकावर मांडायचं, हे माझं काम. मळवलीहून रोज लोकलने येते-जाते.

वडिवळ्याच्या एका आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. घरची भातशेती, अंगाने काटक. त्यांच्या सीटी स्कॅनवर मी दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत मशीन ठरावीक कोनांवर थांबून किरण सोडतं, दुसरीत शरीराभोवती फिरत फिरत. प्रोस्टेटला डोस दोन्हींत सारखाच, पण फिरत्या पद्धतीत मागच्या गुदाशयाला जरासा कमी जात होता. त्या जराशासाठी मी तीन दिवस स्क्रीनसमोर बसले. डॉक्टरांनी तीच निवडली तेव्हा खूश झाले.

पहिल्या शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या दिवशी, किरण सोडण्याआधी, मशीनवरच पुन्हा स्कॅन काढला. तो पडद्यावर आला. आधीच्या स्कॅनमध्ये टम्म भरलेलं मूत्राशय पार चपटं झालं होतं. त्याने वर ढकलून धरलेली आतडी खाली, नेमकी किरणांच्या वाटेत उतरली होती. मी शेक थांबवायला लावला.

बाहेर बाकावर सुनेशेजारी बसलेल्या आबांना विचारलं, "तासभर आधी अर्धा लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं ना?"

"व्हय, प्यालो की."

सून औषधं आणायला उठून गेली. मग ते खाली बघत म्हणाले, "न्हाई प्यालो, ताई. काल सकाळपासनंच न्हाई."

"कालपासून?"

"लोकलमदी कुटं जायचं? मागं तपासनीला येताना घोरावाडीला उतरावं लागलं. तवर धोतर भिजलं व्हतं. सून शेजारी व्हती. तिनं पायलं का न्हाई, ठाव न्हाई. तवापासनं निगायचं म्हनलं की पानी बंद. त्या फोटूच्या दिवशी जावयाच्या गाडीतनं आलतो, म्हनून प्यालो."

त्याच लोकलने मी कित्येक वर्षं येतेय. डब्यात शौचालय नसतं हे मला काय ठाऊक नव्हतं? पण त्या तीन दिवसांत एकदाही मनात आलं नाही की हा म्हातारा माणूस येणार कसा.

डॉक्टरांशी बोलून आबांची वेळ दुपारची करून घेतली. पाणी रुग्णालयात आल्यावर, आमच्यासमोर प्यायचं. त्या दिवशी अंगात पाणीच नव्हतं, मूत्राशय भरायला दोन तास लागले. पुढे रोज स्कॅन बघूनच शेक दिला. सगळे शेक पार पडले. यंदा आबा भातलावणीला खाचरात उभे होते, असं सून सांगत होती.

तिने मला दोनदा विचारलं, पहिल्या दिवशी शेक का थांबवला होता. मशीन तापलं होतं, असं मी सांगितलं.