विहिरीतला जुडगा आणि जळकी मोटर

मंडळी, आज माझ्या ताईचं लग्न आमच्या पापडी गावच्या विहिरीत अडकलं होतं!

लग्नाच्या सकाळी नवरीच्या आंघोळीसाठी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायचं, ही आम्हा ख्रिस्ती घरांतली ‘उंबराच्या पाण्या’ची रीत. आई कळशी भरायला वाकली आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा थेट पाण्यात! दागिने, ताईची साडी, सगळं कुलूपबंद कपाटात. चारला चर्चमध्ये लग्न. बँडवालेसुद्धा वाजवायचे थांबले.

मला पप्पांच्या ई-स्कूटरची जळकी मोटर आठवली. तिच्यातलं चुंबकांचं कडं मी रिसायकलिंगसाठी काढून ठेवलं होतं. त्या चुंबकांतले दुर्मिळ धातू नव्या मोटरसाठी पुन्हा वापरता येतात, भंगारात मात्र ते लोखंडाबरोबर वितळून वाया जातात. आई रोज ओरडायची, "तो कचरा उचल आधी!"

कडं दोरीला बांधून विहिरीत सोडलं. आधी आजोबांचा हरवलेला कोयता वर आला. मग लोखंडी रिंगसकट किल्ल्या! आई रडता रडता हसली आणि बँड पुन्हा दणाणला.

लग्न छान लागलं.

तुमच्याकडे बंद मोटर पडली आहे का? असेल तर रिसायकलिंगला नक्की द्या. मी उद्याच देणार होतो, पण आई म्हणते, "तुझं लग्न होईपर्यंत ते कडं विहिरीपासून हलणार नाही!"