बाईसाहेबांचं बाळंतपण

मत्स्यबीज केंद्रातल्या टाक्या सांभाळणाऱ्या या गृहस्थाला सगळे मासेमामा म्हणत. याने चुकून माणसाशी लग्न केलं, असं त्याच्या बायकोचं म्हणणं. कारण जेवायला बसला तरी तोंडी बाईसाहेबांचंच कौतुक. बाईसाहेब म्हणजे मधल्या टाकीतली मासळी. तिच्या जातीचे चार-दोन नर उरले होते. मादी मात्र ही एकटीच. नदीवर वरच्या अंगाला धरण झालं, खालून कारखान्याचं पाणी आलं, आणि कुणा हौशी माणसाने घरात मावेनासा झालेला परदेशी मासा नदीत सोडला. त्या खादाडाने उरलीसुरली पिल्लं गट्ट केली. आता सगळी भिस्त बाईसाहेबांवर, आणि त्या रुसून बसलेल्या.

पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं, पण अंडी घालायला बाईसाहेबांना नदीचे गुळगुळीत गोटेच हवेत. मामाने खडी टाकली, बशा टाकल्या, मुलीच्या काचेच्या गोट्याही टाकून पाहिल्या. बाईसाहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. आणखी काही दिवस गेले तर अंडी पोटातच कुजणार आणि बाईसाहेबही जाणार. मामाला घास गोड लागेना.

नदीतले गोटे तर केव्हाच उपसून नेलेले. त्यातले उत्तम गोटे मेहुण्याच्या अंगणात होते, गाडी आत शिरताना ऐटीत करकर वाजावं म्हणून पसरलेले. मागायची सोय नव्हती. त्यांवरून पाहुण्यांनी पाय घासत चाललेलंही मेहुण्याला खपत नसे. मग मामाच्या सासुरवाडीला चकरा सुरू झाल्या. मेहुण्याची बायको, म्हणजे वहिनी, कौतुकाने डबा भरून देत. हा फाटकाआड उभा राहून तो फस्त करी, डब्यात गोटे भरी आणि थेट टाकी गाठी.

एकदा मात्र वाटेत घरी डोकावला आणि भरलेला डबा तिथेच विसरला. बायकोने उघडला आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, भाजी संपली होती तर तसं सांगायचं. दगड कशाला पाठवलेत?"

झालं. मेहुणा बादली घेऊन तणतणत केंद्रात हजर.

"भाऊजी, माझे गोटे मुकाट्याने..."

"हळू बोला, दादा. बाईसाहेब अवघडल्यात."

मेहुणा टाकीवर वाकला. बाईसाहेब गोट्यांवर पोट घासत होत्या, मागे नरांची धांदल, आणि फटीफटींत पिवळे मणी पडत होते. मेहुण्याने नकळत बूट काढले.

"सुखरूप होईल ना?" तो कुजबुजला.

झालं सुखरूप. मामा ढसाढसा रडला. मेहुण्याने त्याला रुमाल दिला आणि मग तोच परत घेऊन स्वतःचे डोळे पुसले.

"पिल्लं मोठी झाली की कुठे सोडणार?"

"नदीतच. पण तिथे ती अंडी घालणार कशावर? नदीचा तळ तर तुम्ही अंगणात अंथरलाय."

मेहुण्याने रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

"माझे सगळे घेऊन जा," तो म्हणाला. "पण शेजाऱ्याने माझ्या दुप्पट अंथरलेत. त्याच्या बायकोशी ओळख करून देऊ का? तीही डबा छान भरते."